जठराच्या कॅन्सरचे प्रोटीन मार्कर: तुकडा काढण्यापासून रिपोर्ट वाचण्यापर्यंत

रिपोर्टवर ‘हर-२ : १+, पीडी-एल१ सीपीएस : ७, एमएमआर : शाबूत’ अशा तीन ओळी असतात आणि घरचे विचारतात, हे चांगलं की वाईट? या तिन्ही गाठीतल्या प्रथिनांच्या तपासण्या आहेत. अशा खुणांना मार्कर म्हणतात, आणि ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. उपचार कोणताही असो, हा आजार कसा वागेल, हा एक प्रश्न. अमुक औषध या गाठीवर चालेल का, हा दुसरा. जठराच्या कॅन्सरमध्ये रोजच्या कामाचे मार्कर बहुतेक दुसऱ्या प्रश्नाचे आहेत. हर-२ (पेशीला वाढायला सांगणारं, पेशीपटलावरचं प्रथिन) पॉझिटिव्ह म्हणजे आजार किती वाईट, यावर अभ्यासांचं एकमत नाही. ट्रॅस्टुझुमॅब (हर-२ ला चिकटणारं औषध) द्यायला कारण आहे, एवढं मात्र त्यावरून नक्की कळतं. एमएमआर (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांचा संच) हा मार्कर दोन्ही प्रश्नांना थोडं थोडं उत्तर देतो, म्हणून त्याचं महत्त्व जास्त.

हे लेखन एंडोस्कोपी करणारे, पॅथॉलॉजी लॅबमधले तंत्रज्ञ, शिकाऊ डॉक्टर आणि रिपोर्ट हातात घेऊन बसलेले नातेवाईक अशा सगळ्यांसाठी आहे. नातेवाइकांनी फॉर्मॅलिनची कृती सोडून पुढे गेलं तरी चालेल. मात्र तुकड्यांची संख्या आणि ब्लॉक (तुकडा बसवलेली मेणाची वडी) यांबद्दलचा मजकूर सोडू नये.

तुकडे किती आणि कुठून

जठराची गाठ एकसारखी नसते. एका कोपऱ्यात हर-२ भरपूर आणि दोन मिलिमीटरवर काहीच नाही, हे इथं नेहमीचं आहे. म्हणून निदानापुरते दोन तुकडे घेऊन भागत नाही. किमान ५ हवेत, ६ ते ८ मिळाले तर उत्तम. सगळे एकाच जागेवरून घेऊ नयेत. व्रण असेल तर त्याच्या उंचावलेल्या काठावरून, चारही बाजूंनी घ्यावेत. मधल्या पांढुरक्या तळातून घेतलेल्या तुकड्यात मेलेल्या पेशी आणि पू निघतो. कॅन्सर दिसला तरी मार्कर लावण्याइतक्या जिवंत पेशी त्यात नसतात.

जठराची भिंत चामड्यासारखी ताठ करणाऱ्या पसरट प्रकारात आणखी एक अडचण आहे. वरचं अस्तर बऱ्याचदा जवळपास नॉर्मल असतं आणि आजार खाली पसरलेला असतो. तिथं एकाच जागी तुकड्यावर तुकडा घेत खोल जावं लागतं, किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफीच्या मदतीनं सुई घालावी लागते.

शस्त्रक्रियेआधी केमो ठरली असेल तर ही पहिली बायोप्सी जपून ठेवायची गोष्ट आहे. केमो चांगली लागू पडली तर काढलेल्या जठरात गाठ जवळजवळ उरतच नाही, मग मार्कर लावायला तेच सुरुवातीचे तुकडे हाताशी असतात.

फॉर्मॅलिनची डबी

इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे अँटिबॉडी लावून प्रथिन रंगवण्याची तपासणी, लॅबच्या भाषेत आयएचसी, कितीही महागड्या मशीनवर केली तरी तिचा दर्जा आधी या डबीत ठरतो. हवं ते १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन. एका लिटरसाठी बाजारात मिळणारं ३७ ते ४० टक्क्यांचं फॉर्मॅलिन १०० मिलि, डिस्टिल्ड पाणी ९०० मिलि, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. पीएच ७ च्या आसपास आला पाहिजे. लहान गावांतल्या दवाखान्यांत फॉर्मॅलिनमध्ये नळाचं पाणी घालून डबी भरायची सवय असते. बफर नसलेलं हे द्रावण ठेवून ठेवून आम्लधर्मी होतं. त्यात प्रथिनं बिघडतात आणि स्लाइडवर तपकिरी-काळे कण बसतात. आयएचसीचा रंगही तपकिरीच असतो, तेव्हा त्या कणांनी वाचणारा फसतो.

द्रावण तुकड्याच्या किमान १० पट असावं. तुकडा काढल्यापासून फॉर्मॅलिनमध्ये पडेपर्यंत वेळ घालवू नये आणि तो गाझवर वाळू देऊ नये. फॉर्मॅलिनमधला मुक्काम ६ तासांपेक्षा कमी नको, ७२ तासांपेक्षा जास्त नको. बारीक तुकडा तासाभरात आतपर्यंत भिजतो, म्हणून लोकांना वाटतं काम झालं. पण भिजणं वेगळं आणि प्रथिनांचे बंध तयार होणं वेगळं. ६ तासांच्या आत पुढं ढकललेल्या तुकड्यात उरलेलं काम प्रोसेसिंगमधलं अल्कोहोल करतं आणि मग रंग कुठं खोटा गडद, कुठं फिका येतो. उलट, शनिवारी संध्याकाळी काढलेला तुकडा सोमवारची सुट्टी धरून बुधवारी लॅबला पोचला तर ७२ तास उलटलेले असतात आणि काही प्रथिनं अँटिबॉडीला सापडेनाशी होतात. जोडून सुट्ट्या असतील तर लॅबला आधी फोन करून ठेवावा. फॉर्मवर तुकडा काढल्याची आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची अशा दोन्ही वेळा लिहाव्यात. हे दोन आकडे बहुतेक फॉर्मवर कोरेच असतात, आणि शंकास्पद रिपोर्ट आला की नेमके तेच लागतात.

अख्खं जठर काढलं असेल तर ते न उघडता बादलीत बुडवून रात्रभर ठेवणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे. बाहेरून ते कडक होतं आणि आत गाठ सडत राहते. एका तासाच्या आत ते मोठ्या वक्रतेवरून उघडावं. गाठ तिथंच असेल तर ती चुकवून काप घ्यावा. मग धुऊन, बोर्डावर टाचून, गाठीला एक-दोन काप देऊन फॉर्मॅलिनमध्ये टाकावं.

ब्लॉक एकदाच कापा

तुकडा पॅराफिनच्या ब्लॉकमध्ये बसला की दर वेळी मशीनवर चढवताना त्याची पातळी नव्यानं जुळवावी लागते, आणि त्यात थोडा तुकडा वाया जातो. आज हर-२, पुढच्या आठवड्यात एमएमआर, महिन्यानं पीडी-एल१ असं सुटं सुटं मागवलं की चौथ्या खेपेला ब्लॉकमध्ये नुसतं मेण उरतं. कॅन्सर दिसताच एकाच बैठकीत ३ ते ४ मायक्रॉनचे काप चार्ज्ड (काप घट्ट धरून ठेवणाऱ्या) स्लाइडवर घ्यावेत: हर-२ साठी १, एमएमआरसाठी ४, पीडी-एल१ साठी १, क्लॉडिनसाठी १, ईबीव्हीसाठी (एपस्टाइन-बार विषाणू) १ आणि जीन तपासणीसाठी २ राखीव. म्हणजे एकूण १०. न रंगवलेल्या स्लाइड सहा आठवड्यांपेक्षा जुन्या वापरू नयेत, कारण कापलेल्या स्लाइडवर प्रथिनांची खूण हळूहळू उडत जाते. ब्लॉकमध्ये ती कितीतरी जास्त टिकते.

हर-२: स्तनाचे नियम इथं लावू नका

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या टोगा या चाचणीनं जठराच्या कॅन्सरमध्ये हर-२ ला जागा मिळवून दिली. केमोच्या जोडीला ट्रॅस्टुझुमॅब दिल्यावर मध्यम आयुर्मान (अर्धे रुग्ण ज्या मुदतीपर्यंत जगले ती) ११.१ महिन्यांवरून १३.८ महिन्यांवर गेलं. ज्यांच्या गाठीत प्रथिन खरोखर भरपूर होतं, म्हणजे ३+ किंवा २+ सोबत जीन पॉझिटिव्ह (हे गुण कसे देतात ते पुढे आहे), त्यांच्यात ते ११.८ वरून १६ महिन्यांवर गेलं. हा फरक गुणांकन नीट केलं तरच हाती लागतो.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये पेशीपटलाभोवती पूर्ण वर्तुळ रंगलेलं शोधतात. जठरात ग्रंथींच्या पेशींची आतल्या पोकळीकडची बाजू सहसा कोरी राहते, म्हणून रंग यू आकाराचा किंवा फक्त दोन कडांना दिसतो. इथं तोही धरायचा. स्तनाच्या सवयीनं पूर्ण वर्तुळाची वाट पाहणारा पॅथॉलॉजिस्ट पॉझिटिव्ह गाठ निगेटिव्ह लिहून मोकळा होतो.

किती पेशी रंगल्या पाहिजेत, हे नमुन्यावर अवलंबून आहे. शस्त्रक्रियेच्या नमुन्यात किमान १० टक्के पेशी. बायोप्सीत टक्केवारी पाहायचीच नाही, एकत्र असलेल्या ५ पेशींचा एक पुंजका पुरतो. तीव्रता ठरवायला भिंगाचा साधा नियम आहे. २.५ किंवा ५ पटीच्या भिंगातून पेशीपटलावरचा रंग स्पष्ट दिसला तर ३+. १० किंवा २० पट लागली तर २+. ४० पटीशिवाय दिसतच नसेल तर १+.

३+ पॉझिटिव्ह, ० आणि १+ निगेटिव्ह. २+ हे अर्धवट उत्तर आहे, त्यावर फिश (चमकत्या खुणांनी जीनच्या प्रती मोजण्याची तपासणी) किंवा तशीच दुसरी तपासणी करावीच लागते. त्यात हर-२ आणि १७ व्या क्रोमोसोमच्या केंद्राच्या खुणा यांचं गुणोत्तर २ किंवा जास्त आलं तर पॉझिटिव्ह. फिश करताना आयएचसीची स्लाइड शेजारी ठेवून, जिथं रंग सर्वांत गडद आहे तिथलीच केंद्रकं मोजावीत. कुठलीही २० मोजली तर असमान गाठीत चुकीचं उत्तर येतं. नातेवाइकांनी एवढंच लक्षात ठेवावं: रिपोर्टवर २+ असेल आणि फिशचा उल्लेख नसेल तर तपासणी अजून पूर्ण झालेली नाही.

आतड्यासारख्या ग्रंथी असलेल्या प्रकारात आणि अन्ननलिकेच्या जोडाजवळच्या गाठीत हर-२ जास्त सापडतो, पसरट प्रकारात कमी. पसरट प्रकारात ३+ आला तर अँटिबॉडी, कंट्रोल स्लाइड (रंग नीट चढला का ते दाखवणारी) आणि नाव-नंबर पुन्हा तपासावेत. ते खरंही असू शकतं, पण आधी डब्यांची अदलाबदल झाली नाही ना हे पाहावं.

ट्रॅस्टुझुमॅबवर आजार पुन्हा वाढला तर जुन्या रिपोर्टवर विसंबू नये. बऱ्याच रुग्णांत दरम्यान हर-२ नाहीसा झालेला असतो. ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्स्टेकान (ट्रॅस्टुझुमॅबला केमोचं औषध जोडलेलं) द्यायचा विचार असेल तर शक्यतो नवा तुकडा घेऊन पुन्हा तपासावं. भारतात २०१४ पासून ट्रॅस्टुझुमॅबचे बायोसिमिलर (मूळ औषधासारखेच, दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेले) मिळतात, त्यामुळे हर-२ पॉझिटिव्ह निघाल्यावर उपचाराचा मार्ग निदान उघडा तरी असतो. पुढच्या प्रत्येक मार्करबद्दल असं म्हणता येत नाही.

एमएमआर: चार प्रथिनं, दोन जोड्या

डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी ही चार प्रथिनं: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६. पहिली दोन एकमेकांची जोडीदार, पुढची दोन एकमेकांची. इथं रंग नसणं ही बातमी असते. एमएलएच१ गेलं की आधाराशिवाय पीएमएस२ ही जातं. एमएसएच२ गेलं की एमएसएच६ जातं. उलटं सहसा होत नाही, म्हणून पीएमएस२ एकटं किंवा एमएसएच६ एकटं गेलेलं दिसू शकतं. एमएलएच१ नाही पण पीएमएस२ ठळक आहे असा रिपोर्ट आला तर आधी तंत्राची चूक शोधा.

‘नाही’ असं लिहिण्याआधी त्याच स्लाइडवरच्या लिम्फोसाइट आणि आधारऊतीतल्या पेशींची केंद्रकं रंगली आहेत का ते पाहावं. ती रंगलेली आणि कॅन्सरच्या पेशी कोऱ्या, तरच प्रथिन गेलं म्हणायचं. दोन्ही कोरे असतील तर रंग चढलेलाच नाही. कमी फिक्स झालेल्या तुकड्यात हे हमखास होतं.

यावरून तीन गोष्टी ठरतात. पहिली म्हणजे आजाराची वाटचाल. शस्त्रक्रिया होऊ शकणाऱ्या टप्प्यात एमएमआर बिघडलेल्या रुग्णांचं भवितव्य तुलनेनं बरं असतं. ब्रिटनमधल्या मॅजिक (शस्त्रक्रियेच्या आधी-नंतर केमो देऊन पाहणाऱ्या) चाचणीच्या नमुन्यांचा २०१७ साली पुन्हा अभ्यास झाला, तेव्हा अशा रुग्णांना नुसत्या शस्त्रक्रियेनंही बरं यश आल्याचं आणि केमोचा फायदा झाला नसल्याचं दिसलं. मात्र ही संख्या लहान होती, आणि ती चाचणी आजच्या फ्लॉट (चार औषधांच्या) पद्धतीच्या केमोपूर्वीची. एवढ्यावरून स्वतःच केमो नाकारू नये.

दुसरी, इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारी औषधं. फ्रान्समधल्या निओनिपिगा अभ्यासात अशा रुग्णांना शस्त्रक्रियेआधी निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब दिलं. शस्त्रक्रिया झालेल्या २९ पैकी १७ जणांच्या काढलेल्या जठरात जिवंत कॅन्सर उरला नव्हता. जठराच्या कॅन्सरमध्ये असे आकडे क्वचित दिसतात.

तिसरी गोष्ट घराण्याची. एमएसएच२ किंवा एमएसएच६ गेलं असेल तर लिंच सिंड्रोमची (घराण्यात चालत येणारा कॅन्सरचा धोका) शक्यता धरून जनुकीय समुपदेशकाकडे जावं. एमएलएच१ गेलं असेल तर जठरात ते बहुतेक वेळा वयापरत्वे जनुकावर बसलेल्या मेथिलेशनमुळे (जनुक बंद करणारी रासायनिक खूण) असतं, आनुवंशिक नसतं. मोठ्या आतड्यात हा फरक बीआरएएफ या जनुकाच्या तपासणीवरून करतात. जठरात ती युक्ती चालत नाही, इथं मेथिलेशनच तपासावं लागतं.

पीडी-एल१: सीपीएस म्हणजे टक्के नव्हेत

पीडी-एल१ हे प्रतिकारशक्तीला रोखणारं प्रथिन, आणि सीपीएस हा त्याचा मोजलेला आकडा. इथं मोजणाऱ्याचा हात सगळ्यांत जास्त हलतो. सूत्र सोपं आहे: पीडी-एल१ रंगलेल्या कॅन्सर पेशी, लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज यांची बेरीज, भागिले एकूण जिवंत कॅन्सर पेशी, गुणिले १००. समजा ४०० कॅन्सर पेशी मोजल्या, त्यातल्या १० रंगल्या, आणि भोवतीच्या १८ लिम्फोसाइट-मॅक्रोफेज रंगल्या. २८ भागिले ४००, गुणिले १००, म्हणजे सीपीएस ७. अंशातल्या काही पेशी छेदात नसल्यामुळे हा आकडा १०० च्या पुढेही जाऊ शकतो, तेव्हा १०० च लिहितात. किमान १०० जिवंत कॅन्सर पेशी नसतील तर ‘नमुना अपुरा’ लिहावं, शून्य लिहू नये.

चुका होतात त्या अंश मोजताना. प्लाझ्मा पेशी आणि न्यूट्रोफिल धरायच्या नाहीत. व्रणाच्या तळाशी सुजेमुळे आलेल्या पेशी धरायच्या नाहीत. गाठीपासून लांबच्या लिम्फोसाइट धरायच्या नाहीत, २० पटीच्या त्याच दृश्यात कॅन्सर असला पाहिजे. अंदाजपंचे लिहिलेला ४ आणि ५ यांतला फरक औषध मिळण्या-न मिळण्याचा असू शकतो, कारण निवोलुमॅबच्या चेकमेट ६४९ चाचणीत मुख्य गट ५ किंवा त्यापुढचा होता. त्या गटात निवोलुमॅब जोडल्यावर मध्यम आयुर्मान ११.१ ऐवजी १४.४ महिने आलं. सीपीएस १ पेक्षा कमी असेल तर फायदा इतका तोकडा, की २०२४ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीनं अशांना निवोलुमॅब आणि त्याच प्रकारची औषधं देण्याविरुद्ध कौल दिला. रिपोर्टवर अँटिबॉडीचं नाव हवंच. २२सी३, २८-८ आणि एसपी२६३ या अँटिबॉडींचे आकडे नेहमी एकमेकांशी जुळतातच असं नाही.

क्लॉडिन १८.२

जठराच्या अस्तरातल्या पेशींना एकमेकींशी घट्ट जोडणारं हे प्रथिन. झोल्बेटुक्सिमॅब हे औषध त्यालाच चिकटतं. हर-२ निगेटिव्ह रुग्णांत किमान ७५ टक्के कॅन्सर पेशींच्या पटलावर मध्यम ते गडद रंग असेल तर पॉझिटिव्ह. स्पॉटलाइट आणि ग्लो या चाचण्यांसाठी तपासलेल्यांत साधारण ३८ टक्के असे निघाले. इथं ‘काही पेशी रंगल्या’ याला अर्थ नाही, सगळ्या तुकड्यांतल्या कॅन्सर पेशी मिळून ७५ टक्के हवेत. शेजारचं नॉर्मल जठराचं अस्तर गडद रंगतं, तोच आयता कंट्रोल. पण तिथं अस्तर आतड्यासारखं बदललेलं असेल तर ते रंगत नाही, ते पाहून तपासणी फसली असं समजू नये.

ही तपासणी मागवण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारावं: पॉझिटिव्ह आलं तर औषध मिळेल का, आणि पेलेल का? दोन्हींचं उत्तर नाही असेल तर तो काप दुसऱ्या कामासाठी ठेवावा.

ईबीव्हीची तपासणी प्रथिनाची नव्हे, विषाणूच्या आरएनएची असते, आणि एका स्लाइडवर होते. गाठीत लिम्फोसाइटची गर्दी असेल तर ती जरूर करावी.

रक्तातले मार्कर

सीईए, सीए १९-९ आणि सीए ७२-४ हे निदानासाठी नाहीत. नॉर्मल आले म्हणून कॅन्सर नाही असं होत नाही. उपचार सुरू होण्याआधी एकदा मोजून ठेवावेत, आणि आधी वाढलेला असेल तोच पुढं पाहत राहावा. लॅब आणि मशीन बदललं तर आकडे एकमेकांशी ताडू नयेत. धूम्रपानानं सीईए वाढतो. कावीळ असेल तर सीए १९-९ भरमसाट वाढतो, आधी पित्तनलिका मोकळी करून मग मोजावा. ५ ते १० टक्के लोकांचं शरीर लुइस रक्तगटाच्या ठेवणीमुळे सीए १९-९ बनवतच नाही, त्यांचा आकडा कायम नगण्य राहतो. गाउटसाठी कोल्चिसीन चालू असेल तर सीए ७२-४ खोटा वाढलेला दिसू शकतो. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर काही मशीनवर आकडे चुकतात, लॅबला तसं सांगावं.

या महागड्या यादीत एक स्वस्त प्रथिन नेहमी दुर्लक्षित राहतं, ते म्हणजे अल्ब्युमिन. सुधारित ग्लासगो गुणांकन दोन साध्या तपासण्यांवर चालतं. सीआरपी (सूज दाखवणारं रक्तातलं प्रथिन) लिटरला १० मिलिग्रॅम किंवा कमी असेल तर ०, त्याहून जास्त असेल तर १, आणि सीआरपी जास्त असून अल्ब्युमिनही लिटरला ३५ ग्रॅमच्या खाली असेल तर २. लॅबच्या कागदावर अल्ब्युमिन डेसिलिटरमध्ये असतं, तिथं ३.५ पाहायचं. २ गुण असलेल्या रुग्णाची वाटचाल सहसा अवघड असते, आणि त्याच्या खाण्यापिण्याकडे आहारतज्ज्ञाच्या मदतीनं लगेच पाहावं लागतं.

प्रबंधासाठी नवा मार्कर शोधणाऱ्यांना

दर वर्षी जठराच्या कॅन्सरसाठी ‘नवे’ प्रथिन मार्कर येतात आणि विरून जातात. कारण बहुधा एकच असतं: सगळे आकडे हाती आल्यावर पी-व्हॅल्यू सर्वांत लहान येईल तिथं कट-ऑफ (पॉझिटिव्ह-निगेटिव्हची सीमा) लावलेला असतो. कट-ऑफ आधी लिहून ठेवा. टिश्यू मायक्रोॲरे (अनेक गाठींचे बारीक गाभे एकाच ब्लॉकमध्ये) करणार असाल तर प्रत्येक गाठीतून किमान तीन गाभे घ्या, एक गाठीच्या पुढच्या सीमेवरून. गुण देणाऱ्या दोघांनाही रुग्णाचं पुढं काय झालं हे माहीत नसावं. कॉक्सच्या (जगण्याच्या काळावर कोणत्या घटकाचा परिणाम होतो ते काढणाऱ्या) गणितात प्रत्येक घटकामागे साधारण १० मृत्यू किंवा पुनरुद्भव हवेत. ४० घटनांवर बारा घटक चढवले तर येणारं उत्तर तुमच्याच आकड्यांचा प्रतिध्वनी असतो. टप्पा, वय आणि गाठ पूर्ण निघाली की नाही हे धरूनही मार्कर टिकला पाहिजे. लिहिताना २००५ ची रिमार्क यादी (मार्करचे अभ्यास कसे मांडावेत याची) समोर ठेवा.

दुसऱ्या गावी जाताना

परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी दुसरं मत घ्यायला जाताना नुसता रिपोर्ट नेऊन भागत नाही. रंगवलेल्या स्लाइडबरोबर पॅराफिन ब्लॉकही मागून घ्यावा, त्यावरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी तिथंच उभं राहून ताडावा आणि लॅबच्या वहीत सही करावी. उन्हाळ्यात ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये, मेण मऊ होऊन तुकडा सरकतो. कडक डबीत, कापसात गुंडाळून हातातल्या पिशवीत ठेवावा. काम झाल्यावर उरलेला ब्लॉक परत मागायला विसरू नये, पुढच्या औषधाच्या वेळी तोच पुन्हा कापायला लागतो.